लाइट गेली की

राजपुऱ्यात आमच्या घरासमोर पॉवरलूमचा कारखाना आहे. पूर्वी लाइट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम गप्प व्हायचे आणि विणकर बाहेर येऊन शिव्या घालायचे. त्यांतला एकच म्हातारा ओट्यावर मांडी घालायचा, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. त्याला शुगर होती, बीपीही.

एकदा मी विचारलं, "बाबा, मजुरी बुडते त्याचं काय?"

"बुडते ना," तो डोळे न उघडता म्हणाला. "पण डॉक्टरनं हे रोज कराले सांगितलं. माग चालू असले तर सोताचा श्वास ऐकू येत नाही."

मला हसू आलं होतं.

परवा डॉक्टरांनी मलाही तोच श्वास शिकवला. घरी येऊन मी ओट्यावर मांडी घातली. समोर माग खडखडत होते. हल्ली लाइट जातच नाही.