मोलकरणीचं वाचन

आर्वीच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या वाचनमंडळात बोलावलं. दर गुरुवारी दुपारी पाच-सहा बायका त्यांच्या पडवीत जमायच्या आणि एकेक जण आळीपाळीने कादंबरी मोठ्याने वाचायची. बौद्ध वस्तीतून येणारी मी एकटीच. पण घरात पुस्तकं नसलेल्या मला ती दुपार फार हवीशी वाटे.

त्या वर्षी एका बंगल्यातल्या कुटुंबाची कादंबरी निवडली होती. नायिका केतकीसारखी गोरी. मोलकरीण काळी, दातपुढी, आणि बोलायची आमच्या वस्तीतल्यासारखं. तिला नावच नव्हतं. संवादांसाठी पात्रं वाटून घेताना मंडळातल्या वकिलीणबाई मला म्हणाल्या की हिचे संवाद तुमच्या तोंडी छान वाटतील. मी वाचू लागले, आणि मोलकरणीने तोंड उघडलं की सगळ्या हसायच्या. मला ते टोचायचं, पण मी जात राहिले.

एका गुरुवारी मालकीण तिला चोरीचा आळ घेऊन हाकलते, तो प्रसंग आला. माझ्या वाट्याचं वाक्य होतं, “मी नाई घेतलं बाईसाहेब, मले काऊन हाकलता?” आमच्या वस्तीत कुणी रडवेली बाई जशी बोलेल, तसं मी ते सावकाश वाचलं. कुणी हसलं नाही.

मी पुस्तक मिटलं. “माझी आई अशीच बोलते,” मी म्हटलं.

वकिलीणबाईंचं म्हणणं पडलं की लेखकाने जसं दिसलं तसं लिहिलं. मी म्हटलं की त्याला ते पडवीत बसून दिसलं. त्यावर बराच वाद झाला, चहा गार झाला. घरी जाताना वाटलं, आता काही आपल्याला बोलावणं येत नाही.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी स्वतः शाळेत चिठ्ठी पाठवली. मी पोचले तर त्या म्हणाल्या, “आज मोलकरीण मी वाचते. चुकलं तर सांगा.” जन्म पुण्यात गेलेला, त्यांचं ‘मले’ असं काही नाकातून निघालं की मला हसू आवरेना. त्याही डोळे पुसत हसल्या. मग मी त्यांना दोन-चार वाक्यं म्हणून दाखवली आणि नायिका मी वाचली. मला गोऱ्या नायिकेचे उसासे टाकायला मोठी मजा आली.

त्यांची बदली होईपर्यंत आमचं मंडळ चाललं. मोलकरणीला स्वतःचं घर, नवरा, नाव असलेली पुस्तकं आम्ही शोधायचो. फार सापडली नाहीत. वकिलीणबाईंना माझं म्हणणं शेवटपर्यंत पटलं नाही, तरी मला उशीर झाला की त्या सतरंजीवर शेजारची जागा धरून ठेवत.