बाहेरची कडी

आमच्या पुढच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. ती मीच बसवली होती. सुताराला बोलावलं असतं तर त्यानं विचारलं असतं, ज्या खोलीत माणूस झोपतो तिला बाहेरून कडी कशाला? म्हणून बायको माहेरी गेलेली असताना मीच स्क्रू पिळले. वाकडी बसली, पण लागायची.

त्या खोलीत माझा मोठा भाऊ राहतो. पन्नाशी केव्हाच उलटली, पण समज चार-पाच वर्षांच्या पोराएवढी. जन्मापासून तसाच. मधूनमधून झटके येतात, रोज गोळ्या लागतात. मला तो ‘लहान्या’ म्हणतो, मी त्याला ‘भाऊ’. आई होती तोवर त्याचं सगळं तीच करायची. आंघोळ, गोळी, भाकर कुस्करून देणं, झटका आला की कुशीवर वळवणं. एक माणूस आपल्या घरात रात्रंदिवस राबतंय हे आम्हाला कधी दिसलंच नाही. ती गेली आणि पहिल्या आठवड्यातच दिसायला लागलं.

माझं खामगावात सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं, दुकान आहे. बायको अंगणवाडीत जाते. मुलगा पुण्यात. सकाळी दोघंही घराबाहेर, आणि भाऊला रेल्वेचा नाद. जलंबच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की पायात चप्पल असो-नसो, हा निघाला स्टेशनावर. गावातले लोक ओळखायचे, हाताला धरून आणून सोडायचे. पण एकदा गाडीत चढला आणि जलंबला सापडला. फलाटावर झटका येऊन गेला होता, ओठ फाटला होता, पँट ओली. भोवती माणसं उभी होती आणि कोणीतरी त्याच्या नाकाला कांदा लावत होतं. त्यानंतर मी कडी बसवली. त्याच्या जिवासाठी बसवली, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण दुकान उघडं राहावं म्हणूनही बसवली होती.

सकाळी मी त्याला खाटेवर बसवायचो, पाण्याची बाटली आणि मुरमुऱ्याची वाटी ठेवायचो आणि म्हणायचो, “बस इथं. आता येतो. रडाचं नाही.” मग कडी. दुपारी जेवायला आलो की उघडायचो. बायको म्हणायची, “अवो, हे बरं नाही.” मी म्हणायचो, “मंग तू नोकरी सोड.” तिने त्या कडीला कधी हात लावला नाही. ती आधी निघून जायची, म्हणजे लावायची वेळच यायला नको.

वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांची पेन्शन आईला मिळायची. आईनंतर ती भाऊला मिळू शकते असं कळलं. पण भाऊला सही येत नाही, व्यवहार कळत नाही, तेव्हा त्याच्या वतीने घेणारा कायदेशीर पालक पाहिजे. मी म्हटलं, मी सख्खा भाऊ आहे. तर पेन्शन कचेरीतले म्हणाले, अठरा वर्षांवरच्या माणसाचा कोणी आपोआप पालक होत नाही. बुलढाण्याला कलेक्टर कचेरीत समिती बसते, तिच्याकडे अर्ज करा. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने हसून सांगितलं, “घाबरू नका. याला फी नाही.”

फी खरंच नव्हती. फक्त भाऊचं जुनं अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाताने लिहिलेलं होतं, ते चालणार नव्हतं. नवं काढायला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी जायचं. एसटीने नेलं तर घाटात पहिल्याच वळणाला भाऊने पुढच्या बाईच्या पदरावर ओकलं. ती बाई भली, काही बोलली नाही. मीच पुढच्या वेळेपासून गाडी भाड्याने केली. ठशांच्या यंत्रावर त्याचं बोट धरलं की तो ओरडायचा, त्याला वाटायचं सुई टोचतात. “उद्या या,” ते म्हणायचे. उद्या म्हणजे पुन्हा गाडी, पुन्हा दुकान बंद, बायकोची पुन्हा रजा. प्रतिज्ञापत्र करणारा वकील भला होता, पण त्यालाही पोट होतं. दुकान सारखं बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक “कुठी होते शेटजी?” विचारायलाही परत येत नाही.

बहिणीची संमती लागणार होती. ती नांदुऱ्याला दिलेली आहे. न कळवता आली, दुपारी, मी जेवायला येण्याआधी. मी आलो तेव्हा ती दाराबाहेर पायरीवर बसलेली होती आणि बंद दाराच्या फटीतून आतल्या भावाशी बोलत होती. कडी तिच्या डोक्याच्या वर, तशीच लागलेली. हात वर केला असता तर उघडता आली असती. तिने उघडली नव्हती. माझी वाट पाहत बसली होती.

“उघडाचं ना,” मी म्हणालो.

“तू लावली, तूच उघड.”

जेवण झाल्यावर सही करताना म्हणाली, “अर्ज करून पालक होऊन राह्यला तू. आईनं कुठी अर्ज केला होता रे?”

मला राग आला. म्हणालो, “मंग घेऊन जाय त्याले नांदुऱ्याले.” तिचं तोंड उतरलं. तिच्या सासरी ते शक्य नव्हतं आणि हे मला माहीत होतं, म्हणूनच मी बोललो. सही झाली. त्यानंतर तिचा फोन येणं कमी झालं. हाही त्याच कामाचा खर्च.

समितीपुढे भाऊला घेऊन यायचं होतं. त्याला विचारतील, कोणासोबत राहायचं? मी घाबरलो. भाऊला खोटं येत नाही. तो ‘लहान्या कोंडते’ म्हणाला तर? अर्ज फेटाळतील, पेन्शन अडकेल, गोळ्यांचं कसं होणार? आणि त्याला कुठेतरी संस्थेत पाठवतील. त्या भीतीत पेन्शन किती आणि भाऊ किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. मी त्याची तयारी करून घ्यायला लागलो. संध्याकाळी केळं हातात धरायचो आणि विचारायचो, “कोणासोबत राहतं?” तो म्हणायचा, “आईसोबत.” केळं मागे. “कोणासोबत?” पुन्हा. शेवटी तो शिकला. “लहान्यासोबत राहतो.” केळं मिळायचं. बायको चुलीपाशून बघायची. एकदा म्हणाली, “माकडाले शिकोल्यावानी करून राह्यले तुमी.”

समितीचा दिवस आला. भाऊला पांढरा शर्ट घातला, तेल लावून भांग पाडला. खोलीत मधोमध अधिकारी मॅडम, एका बाजूला एका संस्थेच्या बाई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ. त्यांच्या कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. मी, बायको आणि मध्ये भाऊ.

मॅडमनी प्रेमाने विचारलं, “तुमचं नाव काय?”

“लहान्यासोबत राहतो.”

“जेवण झालं का?”

“लहान्यासोबत राहतो.” आणि त्याने माझ्यापुढे हात पसरला, केळ्यासाठी.

संस्थेच्या बाई हसल्या. मीही हसलो. कुबड्यांवाले गृहस्थ हसले नाहीत. “पाठांतर चांगलं करून घेतलंय,” ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात कोणाचीतरी मोठमोठ्याने भांडणं सुरू झाली. मॅडमनी शिपायाला खूण केली. त्याने दार लोटलं आणि वरची कडी सरकवली. खट्ट आवाज झाला.

भाऊ उठला. मला वाटलं लघवीला लागली. तो कपाट आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड करून खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोलायला लागला. “बस इथं. आता येतो. रडाचं नाही. आता येतो. बस इथं.” माझाच आवाज होता. त्यातली सकाळची घाई, दुकानाच्या चाव्या हातात घेतल्यावरची, तीसुद्धा माझीच.

मग कुबड्यांवाल्या गृहस्थांनी विचारलं, “घरी कडी कोण लावतं?”

मी म्हणालो, “बायको.”

का म्हणालो? नंतर कितीदा विचार केला. शब्द तोंडातून गेला तेव्हा मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती भाऊच्या रिकाम्या खुर्चीपलीकडे होती, तिच्या बांगड्याही वाजल्या नाहीत. ती ‘नाही’ म्हणाली असती तर मी काय केलं असतं, माहीत नाही. ती म्हणाली नाही.

म्हणाला तो भाऊ. भिंतीकडे तोंड करूनच, हळू, विनवल्यासारखं. “लहान्या, उघड ना बे.”

मॅडमनी अर्जावरचं माझं नाव बघितलं, मग मला बघितलं. “लहान्या म्हणजे तुम्ही?”

“हाव,” मी म्हणालो. मग म्हणालो, “कडी मीच लावतो. हिचा काही संबंध नाही. मीच बसवली.” आणि मग थांबता येईना. जलंबचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, केळ्याचंही सांगितलं. शिपायाने तोवर कोणी न सांगता कडी काढून दार उघडं केलं होतं. व्हरांड्यातली दोन-तीन माणसं भांडण सोडून आत बघत होती.

मॅडम म्हणाल्या, “याला सांभाळणारं दुसरं कोणी असतं तर मी हा अर्ज आजच नामंजूर केला असता.” घरी पाहणीला माणूस येईल, तोवर निर्णय नाही, कडी आज निघाली पाहिजे. निघताना कुबड्यांवाल्यांनी मला थांबवलं. “दिवसभर त्याला कुठं ठेवायचं, हा तुमचा प्रश्न खरा आहे. त्याला आमच्याकडेही धड उत्तर नाही. पण एक सांगा, तुमच्यानंतर कोण?”

परतताना घाटात भाऊ झोपला. बायको खिडकीबाहेर बघत होती. बरंच खाली उतरल्यावर म्हणाली, “माह्यावर काऊन ढकललं?”

याचं उत्तर मी तिला आजही दिलेलं नाही. ती भांडली असती तर सोपं गेलं असतं. ती जेवायला वाढते, भाऊच्या गोळ्या बघते, सगळं करते. पण पूर्वी माझ्या चुकीवर “अवो, हे बरं नाही” म्हणायची, ते आता म्हणत नाही.

कडी त्याच संध्याकाळी काढली. दाराला चार भोकं राहिली. पाहणीला आलेल्या माणसाने त्यांत बोट घालून बघितलं. पुढे पालकत्वाचा कागद मिळाला, पेन्शनही सुरू झाली. आता दरवर्षी त्याच्या पैशाचा हिशेब समितीला द्यायचा असतो. तो हिशेब मी नीट देतो, त्याची मला भीती नाही. भीती त्या दुसऱ्या प्रश्नाची आहे, माझ्यानंतर कोण? मुलाला फोनवर विचारलं तर तो म्हणतो, “बघू बाबा.” त्याच्या ‘बघू’मध्ये मला माझंच ‘आता येतो’ ऐकू येतं.

भाऊ आता माझ्यासोबत दुकानात असतो. ढेपेच्या पोत्यावर बसतो, पोतं उसवतो, गिऱ्हाइकाच्या पिशवीत हात घालतो. काहींनी यायचं सोडलं. शिट्टी झाली की मी गल्ला सोडून त्याच्यासोबत फाटकापर्यंत जातो, गाडी गेली की परत. झटका येईल म्हणून एक कान सतत त्याच्याकडे असतो, सौदा करतानाही.

संध्याकाळी शटर ओढायची वेळ झाली की त्याचा जीव वर-खाली होतो. तो आधी बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहतो, माझी बाही घट्ट धरतो आणि शटर खाली येताना विचारतो, “लहान्या, मी बाहीर हाय ना?”

“हाव भाऊ, तू बाहीर हायस.”

कुलूप लागेपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारतो. मी प्रत्येक वेळी सांगतो. कुलूप लावून झालं तरी बाही सोडत नाही, घर येईपर्यंत.