गोलवाले चाचा

गोलवाले चाचा व्हिडिओ डोळे मिटून बघायचे. कुणी मोबाइल पुढे केला, की ते पडद्याकडे बघतच नसत. मोबाइल कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि आवाज कुठे तुटतो, किती वेळाने परत येतो, ते ऐकत राहायचे. मग सांगायचे, दोष मोबाइलचा आहे, रेंजचा आहे, की पलीकडून पाठवणाऱ्याचा. वरवट बकालच्या स्टँडजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आधी तिथे ते रेडिओ आणि टेप दुरुस्त करत. घरोघरी मोबाइल आले, तशी माणसं एकच तक्रार घेऊन येऊ लागली, "चाचा, गोल फिरून राह्यलं." व्हिडिओ अडकला की पडद्यावर फिरणारं ते गोल त्यांच्या नावाला चिकटलं ते कायमचंच.

मी तेव्हा बारावीला होते. शिकवणीचे व्हिडिओ अडकायचे म्हणून त्यांच्याकडे गेले. घरी मी मोबाइल बंद करून चालू केला होता, ॲप काढून पुन्हा टाकलं होतं, सिमही बदलून पाहिलं होतं. हे ऐकून चाचा वैतागले. "एका वेळी एकच बदलव, बेटी. सारं एकदम बदलवलं, त बिमारी कोणती होती ते समजतच नाही." त्यांनी मागे उघडी राहिलेली ॲप बंद केली आणि व्हिडिओ लावून ऐकला. मग मोबाइलमधली जागा रिकामी केली, पुन्हा ऐकला. शेवटी चित्र एक पायरी खाली आणलं. फळ्यावरची अक्षरं पुसट झाली, पण सरांचा शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला.

त्या वर्षी बीटीच्या कपाशीत बोंडअळी शिरली. अळी लागत नाही म्हणून तर सगळ्यांनी ते बियाणं पेरलं होतं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. कुणा तज्ज्ञांचं थेट मार्गदर्शन मोबाइलवर येणार असं कळलं, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. काहींनी किडकी बोंडं खिशात घालून आणली होती, जणू तज्ज्ञांना ती दिसणारच होती. पाच मिनिटांत गोल फिरायला लागलं. चाचांनी पाण्याच्या टाकीजवळून रेंज पकडली, दुसऱ्या मोबाइलवरून नेट जोडलं आणि मोठ्या स्पीकरच्या डब्यातून आवाज बाहेर काढला. आवाज स्वच्छ आला. जिथे अळी फार आत गेली आहे तिथलं पीक आता काढूनच टाकावं, असं तज्ज्ञ सांगत होते. एका म्हाताऱ्याने ते मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितलं, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. चाचांनी पुन्हा लावलं. सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "आवाज नीट केला मी. बातमी नीट करता येत नाही मले."

माझे बाबा दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जायचे. अळी आली तशी फवारणी वाढली. पाठीवर पंप, डोक्याच्याही वर गेलेली कपाशी, आणि तोंडाला फक्त दुपट्टा. एका दुपारी ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले आणि त्यांना उठताच येईना. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांच्याबरोबर आई गेली. लहान बहिणीला आणि बकऱ्यांना सांभाळायला मी घरी राहिले. आईजवळ साधा फोन होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने दुपारी तिचा मोबाइल वापरायला दिला आणि आईने व्हिडिओ कॉल लावला. बाबांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज तुकड्यातुकड्याने येत होता. मी तशीच पळत चाचांकडे गेले.

त्यांनी एकेक करून सगळं पाहिलं. ॲप बंद केली, जागा बदलली, कॉल तोडून पुन्हा लावला. शेवटी म्हणाले, चित्र बंद करावं लागेल. मी नाही म्हटलं. मला बाबांचा चेहरा बघायचा होता.

"त्याले दिसते काय?" चाचांनी विचारलं.

आईने सांगितलं होतं, फवारणीच्या त्या औषधाने बाबांना सगळं धूसर दिसतंय, माणूसही ओळखू येत नाही.

"मंग तुले पाहायचं हाय, का त्याले ऐकू द्यायचं हाय? हे तूच सांग. मी नाही सांगू शकत."

मी माझ्या हाताने चित्र बंद केलं. बाबांचा आवाज आला, बारीक पण सलग. त्यांनी काळी बकरी व्याली का ते विचारलं, बहिणीला शाळेत पाठवतेस ना, ते विचारलं. चाचांनी गाड्यांचा गोंगाट आत येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलं आणि स्वतः बाहेर उन्हात जाऊन बसले.

असं रोज दुपारी, चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी आईचा कॉल आला आणि पलीकडून काहीच ऐकू येईना. मी हॅलो हॅलो करत राहिले. चाचांनी मोबाइल घेतला. स्पीकर तपासला, रेंज पाहिली, मग कानाशी धरून डोळे मिटले.

"लाइन ठीक हाय, बेटी," ते म्हणाले. "पंख्याचा आवाज येऊन राह्यला. खाटा सरकवल्याचा येऊन राह्यला. तुही माय बोलून नाही राह्यली."

त्यांनी दुकान बंद केलं आणि मला घरापर्यंत चालत आणून सोडलं. वाटेत एकदाही धीर धर म्हणाले नाहीत. बाबांना आणेपर्यंत ते आमच्या अंगणात बसून होते.

त्यानंतर आई कित्येक महिने बोलली नाही. कामाला जायची, स्वयंपाक करायची, विचारलं तर मान हलवायची. पुढच्या वर्षी चाचांनी दुकान काढून टाकलं आणि मलकापूरला मुलीकडे राहायला निघाले. मी स्टँडवर गेले. त्यांची पिशवी धरून उभी राहिले. एसटी लागली तेव्हा त्यांनीच विचारलं, "माय बोलते काय आता?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.

"बोलू दे. तिच्या मधात बोलू नको."

घरी आले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. दवाखान्यात बाबा सकाळपासून दुपारच्या कॉलची वाट बघायचे, असं ती आपणहून सांगायला लागली. मी पायातली चप्पलही न काढता दारातच बसले आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिले.