कमरेचा रुमाल

आमच्या ह्यांनी तीस वर्षं शाळेच्या मैदानावर मुलांना लांब उडी शिकवली. मुलं त्यांना 'खड्डामास्तर' म्हणत, कारण दिवसभर वाळूच्या खड्ड्याशीच ठाण मांडलेलं. मग गुडघ्याने दगा दिला, शाळेने निरोप दिला, आणि आठ महिने हा माणूस खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसला. मी बोलून बोलून थकले.

आमची लेक कार्टूनपट बनवणाऱ्या कंपनीत उमेदवारी करते. तिच्या वाट्याला एकच दृश्य आलं होतं: एक पोरगा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारतो. त्या कंपनीची रीत अशी, की बाहेरची बारा माणसं बसवायची आणि प्रत्येकाच्या हाती बटण द्यायचं. खोटं वाटलं की दाबायचं, दिवा लागतो. पहिल्या खेपेला नऊ दिवे लागले, तेही पोरगा हवेत असताना. काय खोटं वाटलं, ते मात्र एकालाही सांगता येईना. शनिवारी पुन्हा परीक्षा. दोनपेक्षा जास्त दिवे लागले, की दृश्य दुसऱ्याकडे आणि हिची नोकरी हातची गेली.

पोरगी चार दिवस त्या पोराचे हातपायच दुरुस्त करत होती. शेवटी रडकुंडीला येऊन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. हे पाणी प्यायला उठले आणि तिच्या मागे थबकले.

"रुमाल बांध त्याला."

"काय?"

"कमरेला. पांढरा. हातपाय सोंगं करतात, कंबर खोटं बोलत नाही. आमची पोरं रुमाल बांधूनच धावायची."

तिने कमरेच्या जागी पांढरा ठिपका ठेवला आणि बाकीचा पोरगा दिसेनासा केला. नुसता ठिपका उडाला. अर्ध्या वाटेवर एकदम पुढे सरसावला.

"हा बघ! हवेत ह्याला मागून कोणी ढकललं?"

लेक ओशाळली. "पलीकडची गच्ची लांब पडत होती, बाबा. म्हणून मीच जरा वेग वाढवला."

"पाय जमिनीवरून सुटले की पुढे जायचा वेग वाढत नसतो, बाळा. शेंबड्या पोरालाही ते दिसतं, फक्त सांगता येत नाही. उडीआधीची धाव वाढव. चार पावलं."

शनिवारी हे स्वतःहून बूट घालून दारात उभे. मी मनातल्या मनात दृष्ट काढली आणि चपला घातल्या. कंपनीच्या बाहेरच्या बाकावर आम्ही तासभर बसलो.

लेक धावतच बाहेर आली. "एकच दिवा! राहिली नोकरी, आई!"

मी तिला घट्ट धरलं. ह्यांच्या कपाळाला मात्र आठ्या. "कुठे लागला तो?"

"उतरताना. पण एक चालतो, बाबा."

"चालतो काय? उतरताना टाचा बघितल्यास का? दाखव मला!" आणि हे काठी आपटत, कोणालाही न विचारता, थेट आत.

आठ महिन्यांनी तो मैदानावरचा आवाज ऐकला आणि मला रडूच फुटलं.