अनूचं जिल्हईचं चाक

अनू गेली त्या सकाळी तिचा थोरला भाऊ बापू आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि "अनू गेली" हे काही त्यानं सांगितलंच नाही. तो म्हणाला, "वत्सलाताई, जरा येता का? बायका खोळंबल्यात. तिच्या हातात बांगड्या भरायच्या का नाही, तेच ठरंना झालंय..." विषमज्वरानं ती झिजत चालली होती, आदल्या संध्याकाळी मीच तिला पेजेचे दोन घोट पाजून आले होते. पण जिवाभावाचं माणूस गेल्याची बातमी असा प्रश्न होऊन दारात येईल, असं कधी वाटलं नव्हतं. त्याला आता महिना होत आला. सगळे म्हणतात, तुझी बालमैत्रीण, लिही चार शब्द. लिहिते. पण गोड गोड लिहिणं मला जमायचं नाही, हे आधीच सांगून टाकते.

सांगलीच्या पेठेत अनूच्या वडिलांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांना जिल्हई करण्याचं, म्हणजे घासून चकाकी आणण्याचं दुकान होतं. ते वारले आणि बापूनं तिथंच मोटरसायकली दुरुस्त करायला घेतल्या. लढाई चालू, नवे सुटे भाग मिळायची मारामार, तेव्हा जुनंच घासूनपुसून नव्यासारखं करून द्यायचं. इंजिनाची झाकणं ॲल्युमिनियमची असतात. आमच्याकडं सगळे त्याला जर्मलच म्हणतात. बापूनं पहिलं झाकण पितळेच्या घागरीसारखं सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं आणि ते तव्यासारखं काळं होऊन बाहेर आलं. कपाळाला हात लावून बसला बिचारा! तेव्हा अनू नुकतीच माहेरी आली होती. तिला साताऱ्याकडच्या एका खेड्यात दिलं होतं. लग्नाला महिना झाला नाही तोच नवरा पलटणीत मोटार चालवायला म्हणून समुद्रापार पूर्वेकडं गेला, आणि पुढं त्याची खबरच बंद झाली. "खबर येईस्तोवर ऱ्हाऊ द्या म्हायेरी," असं म्हणून सासऱ्यांनी तिला धाडली होती. तिनं ते काळं झाकण उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, भाजी चांगली शिजलीय. आता वाढतोस कुणाला?" आणि मग आपणच वडिलांच्या जिल्हईच्या चाकावर बसली, ती बसलीच.

काम सोपं नव्हतं हो. रॉकेलनं तेलकट ओंगण काढायचं, पडलेले चरे कानशीनं सपाट करायचे, मग काचकागद आधी जाडा, मग बारीक, दर खेपेला आडव्यावर उभा. मग पायानं फिरवायचं चाक. त्यावर बापूनं कापडाच्या चकत्या लावल्या होत्या, त्या टिकेनात. अनूनं माणदेशच्या धनगराकडून जुनं घोंगडं घेतलं आणि त्याच्याच चकत्या शिवून बसवल्या. शेवटी जोंधळ्याचं पीठ चोळून पुसायचं, की त्यात नाक-डोळे दिसलेच म्हणून समजा. पण जर्मलची काजळी फार वाईट. कोपरापर्यंत काळी व्हायची पोर, आणि नखातलं काळं चिंच लावा, राख लावा, हलायचं नाही. आणि मुख्य अडचण बांगड्यांची. काच चाकाला लागली तर फुटून मनगटातच घुसायची. म्हणून बसायच्या आधी ती हातातल्या बांगड्या उतरवायची आणि उठल्यावर पुन्हा चढवायची. तिच्या आईला, आमच्या काकूंना, ते बघवायचं नाही. "सवाशिणीचे हात गं हे, असे भुंडे नको ठेवूस," म्हणून त्या दुकानाकडं पाठच करून बसायच्या.

आणि घात तिथंच झाला. एके दिवशी बापूचं बोट यंत्रात सापडलं. रक्ताची धार! अनू चाकावरून उठली ती तशीच, त्याचा हात पदरात गुंडाळून भर बाजारातून रडत डॉक्टरांकडं पळाली. बांगड्यांची आठवण कुणाला? नेमका त्याच वेळी तिच्या सासरच्या गावचा एक शेतकरी हळदीची गाडी घेऊन आला होता. त्यानं पाहिलं... अनूचे हात भुंडे, तोंड रडून सुजलेलं, भाऊ तिला धरून चाललेला. झालं! नवरा गेल्याची तार आली आणि ती बायकोच्या पत्त्यावर सांगलीला आली, असं त्यानं मनाशी धरलं. पुढं होऊन विचारायचं, तर ताज्या दुःखातल्या बाईला का कुणी विचारतं? तो गाडी हाकत गावी गेला आणि सासऱ्यांना सांगता झाला.

मी दुकानात बसले होते त्या दिवशी. बाहेर बैलगाडी थांबली आणि चार बायका ऊर बडवतच आत शिरल्या. अनू चाकावर, हात भुंडे, काजळीनं माखलेली. त्यांना वाटलं, दुःखानं हिनं अंग काळं करून घेतलं. गळ्यात पडून एकच आकांत. अनू भेदरून मला विचारती झाली, "अगं, कोण गेलं?" तशी थोरली जाऊ म्हणाली, "आसं काय इचारतीस गं बये! तुजाच की कुकवाचा धनी! दहावा बी झाला, पिंडाला कावळा लगोलग शिवला..." चाक आपलं फिरतच होतं. अनू आधी हसली. खरंच हसली, मी पाहिलंय. मग तिला हसू थांबवता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

तार नाही, काही नाही, हे बापूनं जाऊन सांगितलं. सासरे म्हणाले, "पावनं, कावळा उगाच शिवतो व्हय? झालं ते झालं. क्रिया काय माघारी घेता येती?" तिथून अनूचं जे सुरू झालं, ते बघणाऱ्यालाच कळलं असेल. सासरी ती विधवा, कारण क्रिया झालेली. माहेरी ती सवाष्ण, कारण खबर आलेली नाही, आणि काकू कुंकू पुसू देईनात. दरसाल नवऱ्याच्या श्राद्धाला तिला गावी बोलावणं यायचं. सांगलीहून भरल्या हातानं गाडीत बसायची, कऱ्हाड आलं की बांगड्या उतरवायच्या, कपाळ पुसायचं. येताना कऱ्हाडला पुन्हा चढवायच्या. "साताऱ्याला मी रांडाव, सांगलीला सवाशीण," ती म्हणायची, "आणि गाडी कृष्णेच्या पुलावर असते तेव्हा कोण गं मी, वत्सू?" एकदा मात्र ती अगदी हळू आवाजात बोलली. "मला त्यांचं तोंडही आठवत नाही गं. ते येवोत, नाहीतर गेले असं कुणी सांगो. दोन्हीतलं एक काय ते एकदा मला कळू दे. हे असं लोंबकळत नको... चाकावर बसले ना, की तेवढं बरं वाटतं. तिथं हात नुसते हात असतात."

माधवनगरच्या गिरणीतला एक फिटर मॅनेजरसाहेबांची मोटरसायकल घेऊन बापूकडं यायचा. बायको बाळंतपणात गेलेली, माणूस शांत. झाकणाचं काम चालू असताना बाजूला उभा राहून बघायचा, फार बोलायचा नाही. त्यानं बापूपाशी सरळ अनूला मागणी घातली. अनूला तो आवडला होता. होय, लिहिते मी हे, लाजायचं काय त्यात! काकू म्हणाल्या, "नवरा जिता असताना? जीभ झडो असं बोलणाऱ्याची." बापू साताऱ्याकडं गेला, म्हटलं तुमच्या लेखी ती विधवाच ना, मग मोकळी करा. तर सासरे म्हणाले, "आमच्यात म्होतूर लावत न्हाईत. रांडावलेल्या बाईला दुसरा दादला न्हाई." म्हणजे इकडून नवरा जिवंत म्हणून दार बंद, आणि तिकडून नवरा मेला म्हणून दार बंद! मला आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. फिटरानं दुसरीकडं लग्न केलं. त्याला तरी कुठवर थांबा म्हणायचं? पुढं लढाई संपली, जपान्यांच्या कैदेतली माणसं गावोगाव परतली. सासरच्या गावचे दोघे आले. एकजण म्हणाला, मी त्याला बोटीवर पाहिलं. दुसरा म्हणाला, मी त्याला तापात पाहिलं. त्यापुढं दोघांनाही काही सांगता येईना. लष्करातल्या जुन्या मोटरसायकली लिलावात निघाल्या आणि बापूच्या दारात झाकणांचा ढीग लागला. अनू घासत राहिली.

तर त्या सकाळी मी गेले. अनूला न्हाऊ घालून चटईवर निजवली होती. एका बाजूला हिरवं लुगडं, एका बाजूला साधं, आणि मधे बायका कुजबुजत बसलेल्या. काकू शुद्धीवर नव्हत्या. तिच्या दुखण्याचं कळून सासू आदल्या दिवशी आली होती, ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. कुणी तिला विचारलंच नव्हतं. दहावा घातलेल्या घरची बाई, ती काय सांगणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. म्हातारी उठली. हिरवं लुगडं तिनं आपल्या हातानं उलगडलं. "दहावा माज्या मालकानं घातला. मी न्हाई घातला," ती म्हणाली. "माजा ल्योक जित्ता हाय. आणा बांगड्या." आणि अनूचा हात मांडीवर घेऊन ती नखातलं काळं काढायला लागली. पाण्यानं, पदरानं, मग आपल्या नखानं. ते निघेना. तसाच चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली.

मग आळीतल्या बाया पुढं झाल्या. एकेक येऊन पायाला हात लावायची, कुंकू उचलून आपल्या कपाळाला लावायची आणि म्हणायची, "भाग्याची गं बाई, अहेव गेली." भाग्याची! मी तिथं ओरडले असते. पण म्हातारीच्या तोंडाकडं पाहिलं. तिला लेक जिवंत ठेवायचा होता. त्यासाठी सून सवाष्ण जायला हवी होती. त्या खोलीत जिला विचारायचं तिला सोडून बाकी सगळ्यांना काही ना काही हवं होतं. माझ्यासकट. मला ती परत हवी होती.

परवा बाजारातून येताना बापूच्या दुकानावरून गेले. चाक चालू होतं. वाकून पाहिलं. बापूनं मिरजेचा एक माणूस कामाला ठेवलाय. मी उभी होते तेवढ्यात तो चहाला उठला, परत आला, बाह्या वर सारल्या आणि बसला. हातातलं काही उतरवायचं नव्हतं. कुणी त्याच्याकडं पाठ केली नाही. झाकण धरलं आणि पाय मारला.