माइक चालू होता

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पोटासाठी 'आग लागल्यास काय करावे' छापाच्या फिल्मा बनवतो. त्यात एखाद्या कंपनीचे कर्मचारी रांगेने जिना उतरतात आणि कोणीही घाबरत नाही. वर्षानुवर्षं इतकी समजूतदार माणसं दाखवून त्याचा जीव आंबला असावा. धाय मोकलून रडणारी माणसं एकदा तरी दाखवायचीच, या हट्टापायी त्याने व्हिडिओ गेमवर वेब सिरीज काढली. घरात आम्ही त्याला रीटेक म्हणतो. हा मनुष्य दाराची बेल वाजवतो, ती मनासारखी वाजली नाही म्हणून पुन्हा वाजवतो आणि मग आम्ही दार उघडलं की आमच्याच तोंडाकडे असं बघतो की वाटावं, आपण चुकीचं उघडलं.

सिरीजची गोष्ट साधी. एक मुलगा गेममध्ये तरबेज, बापाला ते पटत नाही, शेवटी मुलगा घर सोडतो. मुलाचं काम चष्म्याच्या दुकानातल्या एका विक्रेत्याला मिळालं. तो चांगला पंचविशीचा, पण दाढी केली की शाळेतून पळून आल्यासारखा दिसतो. बाप मी. 'भावोजी, तुमचा चेहरा मुळातच परवानगी नाकारणारा आहे,' असं रीटेकने सांगितलं आणि मी ते कौतुक समजून घेतलं. स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली. रविवारी दुपारी खिडक्यांना ब्लँकेटं लावून आम्ही तिथे रात्र करायचो आणि घामाने निथळायचो.

आता रीटेकची कामाची तऱ्हा बघा. मुलाच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड खरा पडावा म्हणून समोर खरा गेम चालू पाहिजे, तोही इंटरनेटवर, अनोळखी खेळाडूंबरोबर. शिवाय पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल ते सगळं यंत्र आपोआप रेकॉर्ड करत राहील, पुढे कुठे लागलं तर. नटाला कानात गोंगाट नको, म्हणून त्याच्या हेडफोनचा आवाज शून्यावर. हे सगळं त्याने चोख केलं. हेडफोनला पुढे एक काडी असते आणि तिच्या टोकाला माइक असतो, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं नाही.

चित्रीकरण संपलं, गेमचं यंत्र माळ्यावर गेलं, चार महिने रीटेक संकलनात बुडाला. मग एका सकाळी तो लॅपटॉप छातीशी धरून आमच्या दारात उभा. बेल एकदाच वाजली. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी भयंकर झालंय.

"भावोजी, बसा. ताई, तूही बस. हे ऐका."

त्याने लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवलेलं, पण काल रात्री पहिल्यांदा ऐकलेलं गेमचं रेकॉर्डिंग लावलं. आधी माझा आवाज आला. तिसऱ्या भागातलं माझं आवडतं वाक्य: 'हा डबा बंद कर, नाहीतर तुला घराबाहेर काढीन!' मी जरा सावरून बसलो. लगेच एका बाईचा आवाज आला. मध्यमवयीन, थोडा घोगरा.

"बाळा, तू आहेस ना? घाबरू नकोस हं."

मी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी स्वयंपाकघरात होते."

त्या रविवारी ते वाक्य माझ्याकडून रीटेकने किती वेळा म्हणवून घेतलं होतं देव जाणे. प्रत्येक वेळी त्यापुढे ती बाई होती. आधी मुलाला धीर देत होती. मग माझ्यावर ओरडत होती. शेवटी हलक्या आवाजात म्हणाली, "तुझे वडील तेच तेच वाक्य तासभर म्हणतायत रे. त्यांना डॉक्टरला दाखवलंय का?"

एरवी माझी बायको हसता हसता जमिनीवर लोळली असती. तिने तोंडावर हात ठेवला होता.

"ही पुन्हा पुन्हा कशी येते?" मी विचारलं.

"बोटं हलताना दिसावीत म्हणून आपला हिरो समोर येईल ते बटण दाबत होता. त्यात त्याने हिची मैत्री मान्य केली. आपण गेम उघडला की ही हजर. गेममधलं नाव कासव."

"आणि शेवटचा भाग?"

रीटेकने तोही लावला. मुलाचा आवाज: 'मी चाललो. आता मला कोणी शोधू नका.' पटकथेत तो मावशीकडे जातो. पण मावशी पुढच्या दृश्यात येते, आणि ते दृश्य आम्ही गच्चीवर केलं होतं, हेडफोनशिवाय. इथे फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आणि मग त्या बाईची धडपड. "अरे थांब. कुठे चाललास? ऐक ना माझं, नाव तरी सांग तुझं! हॅलो?" मग यंत्र बंद. रीटेकला शॉट आवडला होता. पहिल्याच फटक्यात. त्याच्या आयुष्यात हे एकदाच घडलं, आणि ते नेमकं इथे.

चार महिने! कुठेतरी एक बाई चार महिने समजून चालली होती की तिच्या कानांदेखत एक पोरगा जिवाला मुकला.

"सगळ्यात वाईट काय सांगू?" रीटेक म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "हे ऐकल्यावर पहिला विचार आला, काय भाग झालाय! ही बाई नसेल तर माझा शेवट म्हणजे नुसता पोरगा आणि खुर्ची. तीन वर्षांचं काम हिच्या आवाजाने उभं राहतंय. ही बाई कोण, कशी असेल, हा विचार दुसरा आला, भावोजी. दुसरा!"

"आधी तो जिवंत आहे हे तिला सांग," बायको म्हणाली. "मग कितीही विचार कर, हव्या त्या नंबराने."

यंत्र माळ्यावरून उतरलं. हिरोला दुकानातून उचलून आणलं; काचा पुसायचं फडकं त्याच्या खांद्यावर तसंच होतं. गेम उघडला, या वेळी आवाज खोलीतल्या स्पीकरवर मोठा ठेवून. कासवाच्या नावापुढचा दिवा विझलेला. तो पेटेपर्यंत आम्ही चौघं त्या दिव्याकडे असे बघत बसलो, जसे लोक ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात.

दिवा हिरवा झाला. रीटेकने भाषण तयार केलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि नुसतीच हवा बाहेर आली. शेवटी हिरोच म्हणाला, "काकू, मी आहे."

मग, "कोण मी?"

"तोच. मी... मला काही झालं नाही. ते नाटक होतं, काकू. आम्ही सिरीज करत होतो."

मग नाक ओढल्याचा आवाज. "जेवलास का तू?"

"हो."

"वडील?"

"ते वडील नाहीत. डायरेक्टरचे भावोजी आहेत."

"जवळ आहेत? दे त्यांना." हेडफोन माझ्या डोक्यावर आला. पुढची काही मिनिटं मी जे ऐकून घेतलं ते माझ्या सख्ख्या सासूनेही कधी सुनावलं नव्हतं. मी "हो बाई, चुकलं बाई" म्हणत राहिलो. काकू पोहण्याच्या तलावावर तिकिटं देतात. रविवारी दुपारी तलाव धुतात, म्हणून त्यांना सुट्टी. त्या दिवसापासून रोज कामावरून आल्या की चप्पल काढायच्या आधी त्या गेम उघडून बघायच्या, पोराचा दिवा लागलाय का. गेमच्या कंपनीला कळवलं होतं. संपर्क केल्याबद्दल कंपनीने आभार मानले होते.

मग रीटेकने हेडफोन घेतला. माफी मागितली, रडला, आणि रडता रडता विचारलंच. तुमचा आवाज ठेवू का? नाव देतो, म्हणाल तसं करतो.

"नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही, तलाव बंद आहे सांगावं तशा. "मी ते एका पोराशी बोलले होते. तुमच्या सिरीजशी नाही."

"पण काकू, तो पोरगा नव्हताच..."

"माझ्यासाठी होता ना!"

रीटेकने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कोणीतरी 'तरीपण' म्हणावं असं त्याला फार वाटत होतं. कोणी म्हणालं नाही. त्याने आमच्यासमोरच ते सगळं रेकॉर्डिंग लॅपटॉपवरून आणि यंत्रावरूनही पुसलं. यंत्राने 'नक्की पुसायचं?' असं विचारलं, तेव्हा त्याने 'हो' एकदाच दाबलं.

सिरीज आली. बरी चालली. शेवटच्या भागात पोरगा उठतो, खुर्ची सरकते, आणि रिकाम्या हेडफोनवर कॅमेरा थांबून राहतो. कितीतरी वेळ, आवाज नाहीच. त्याखाली प्रेक्षक अजून लिहितात: इथे साउंड गेलाय, दुरुस्त करा. काय भिकार काम आहे! एरवी एकेका शब्दासाठी जगाशी भांडणारा आमचा रीटेक ते वाचतो आणि कोणालाही उत्तर देत नाही.