खिशात मावणारी एसएसडी

माझ्या मनात दोनच एसएसडी, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या वेगवान डिस्क, भरल्या होत्या. एक जाडजूड, ॲल्युमिनियमच्या खाचाखाचांच्या अंगाची, आतली उष्णता बाहेर टाकणारी. टेबलावर ठेवायची आणि तिथेच राहू द्यायची. दुसरी काडेपेटीएवढी, शर्टाच्या खिशात मावणारी. शहाद्याकडचा उन्हाळा काय असतो हे मला कुणी सांगायला हवं होतं थोडंच! तरी मी खिशातलीच घेतली. मला इथे राहायचंच नव्हतं.

मी लॅपटॉपवर संगीत करतो. व्हायोलिन, चेलो, हॉर्न, सगळ्यांचा एकेक सूर कुठल्यातरी परदेशी वादकाने हळू, जोरात असा वाजवून दिलेला असतो. या साठ्याला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. तो इतका अवाढव्य की लॅपटॉपमध्ये मावत नाही, आणि शेकडो सूर एकदम उचलायचे म्हणजे साधी हार्ड डिस्क धापा टाकते. पुण्याच्या एका स्टुडिओने मला लघुपटाचं काम दिलं होतं. आवडलं तर अक्षय्य तृतीयेनंतर, आमच्या आखाजीनंतर, कायमचा ये, म्हणाले. आबांना, म्हणजे वडलांना, हे सांगितलं तेव्हा ते केळीत ठिबकच्या नळ्या तपासत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मग ऊन तापलं. माझी खोली पत्र्याची. दुपारी एसएसडीला हात लावला तर चटका बसायचा, तिचा वेग पडायचा आणि चेलो सुराच्या मध्येच तुटायचा. मी माठावर ताटली ठेवून त्यावर तिला बसवलं, तरी तेच. एका दुपारी वैतागून टेबलावर मूठ आपटली, तर दारात आबा उभे.

"काय व्हयनं रे?"

"खोली तपस आबा. काम व्हत नही."

त्यांनी खिडकीकडे एकदा पाहिलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शेतातून आलो तर खोली गार. बैठकीतला कूलर, ज्याच्यासमोरून आबा उन्हाळाभर हलत नाहीत, तो त्यांनी माझ्या एकुलत्या खिडकीत बसवला होता. पाणी स्वतः भरलं होतं, कडेच्या फटी पोत्याने घट्ट बुजवल्या होत्या. त्या खिडकीतून मला शहाद्याला जाणारी एसटी दिसायची.

"वाजाड आते," म्हणत आबा खाटेवर बसले.

मी वाजवलं. चेलो पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड चालला. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"आते पुन्याले जावानं काय काम शे? आठेच कर."

इथेच कर, या म्हणण्यात हुकूम असता तर मी भांडलो असतो. ते नुसते खूश होते. मला कोंडल्यासारखं झालं.

"आखो एक डाव लाव," ते म्हणाले.

मी पुन्हा लावलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तो चेलो तुटावा असं मला वाटलं.